पिशवीमामीचा पासपोर्ट

आमची मामी लग्नाला जातानासुद्धा रेशनकार्ड बरोबर घ्यायची. थट्टा नाही करत मी. अंगावर ठेवणीतली साडी, पायात नवी चप्पल आणि काखेत ती पिशवी. बाहेरून कापडी, आत उल्हासनगरच्या साडीबरोबर मिळालेलं चेनचं जाड प्लॅस्टिकचं कव्हर, आणि त्याच्या पोटात सगळं घर : रेशनकार्ड, आधार, लाइटबिल, मामाच्या पेन्शनचं पुस्तक, मुलाचा, म्हणजे दिनूचा, जन्मदाखला, आणि पुढे मामा गेला तेव्हा त्याचा मृत्यूदाखलाही. अक्षता टाकायच्या त्या उजव्या हाताने, डाव्या काखेतली पिशवी हलायची नाही. आमच्या घरातल्या कुठल्याही लग्नाचा अल्बम उघडा, कोपऱ्यात मामी आहे आणि मामीच्या काखेत पिशवी आहे. एकदा एक फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, पिशवी जरा खाली ठेवा ना." मामी म्हणाली, "तू तुझा कॅमेरा ठेवतोस का खाली? मग!" तेव्हापासून तिचं नाव पिशवीमामी पडलं. पोरंच काय, तिच्या वयाच्या बायकासुद्धा तिला पिशवीमामीच म्हणायच्या.

ती माझ्या आईच्या भावाची बायको. आम्ही अंबरनाथला मोरिवलीत राहायचो, मामा-मामी बदलापूरला मांजर्लीत, नदीच्या अंगाला, तळमजल्यावर. मांजर्लीत पाणी येणं कुणाला नवं नव्हतं. पण एका वर्षी ते आलं ते थेट देवघरापर्यंत आलं. मामीने दिनूला उचललं, शेगडी उचलली, देव ओच्यात घेतले आणि शेजाऱ्यांच्या गच्चीवर गेली. खाटेखालची कागदांची पेटी राहिली. पाणी उतरल्यावर पेटी उघडली तर आत लगदा. रेशनकार्ड गॅसच्या पुस्तकाला चिकटलेलं, मामाचा सेवेचा दाखला कुठला आणि भाड्याची पावती कुठली, काही कळेना. मामीने तो लगदा पानापानाने सोडवून दोरीवर चिमटे लावून वाळत घातला होता. माझी आई इस्त्री घेऊन गेली होती. त्या इस्त्रीला पुढे कितीतरी दिवस चिखलाचा वास यायचा.

मग सुरू झाल्या खेपा. या कचेरीतून त्या कचेरीत. एका खिडकीवरच्या माणसाने तिला विचारलं होतं, "बाई, पण तुम्ही तुम्हीच कशावरून?" हे वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. पुढे आयुष्यभर ती ते वापरायची. दूधवाला सकाळी दाराशी ओरडला, "मामी, मी आहे," की आतून आवाज यायचा, "तू तूच कशावरून रे?" आम्ही हसायचो. ती पण हसायची, पण हसता हसता पिशवी चाचपायची. तिची एक म्हणच होती : "माणूस वाहून गेला तर कुठंतरी सापडतो गं. कागद वाहून गेला की माणूस सापडत नाही."

दर शनिवारी ती बदलापूरच्या बाजारात जायची आणि सुट्टीत मी गेले असले की मला ओढून न्यायची. भाजी तर दारावर यायची. मग एवढ्या लांब कशाला तंगडतोड, हे मला कळायचं नाही. बाजाराच्या टोकाला, जिथे वाडीवरच्या बायका रानभाज्या घेऊन बसतात, तिथे बायजी नावाची एक आदिवासी ठाकरीण बसायची. पावसाच्या सुरुवातीला शेवळं, मग कंटोळी, नाहीतर नुसत्या पळसाच्या पानांच्या जुड्या. मामी दिसली की ती लांबूनच हाक मारायची, "ये हौशे! आज उशीर केलास?" आणि आमची मामी, जिच्याशी मोठ्याने बोलायची घरीदारी कुणाची छाती नव्हती, ती एखाद्या शाळकरी पोरीसारखी तिच्या टोपलीशेजारी फतकल मारून बसायची.

"ती तुला हौशी का म्हणते गं?" मी विचारलं होतं.

"माझं नाव आहे ते. माहेरचं. हौसाबाई."

"मग सुनंदा?"

"ते तुझ्या आजीनं ठेवलेलं. हौसा म्हणजे गावंढळ वाटलं त्यांना." एवढं बोलून तिने कंटोळी निवडायला घेतली.

मामीचं माहेर बारवी धरणात गेलं होतं. ती लग्न होऊन आली आणि मग काही वर्षांनी गाव उठलं. तिच्या बापाची जमीन, घरापुढची चिंच, ओढ्याकाठचं देऊळ, सगळ्यावर पाणी. भाऊबंद पांगले, म्हातारे गेले. बायजीची माणसं मामीच्या बापाच्या शेतावर लावणीला यायची, दोघी पोरी मिळून शेळ्या राखायच्या. अख्ख्या जगात आता तेवढं एकच तोंड उरलं होतं जे मामीला त्या नावाने हाक मारायचं. मी भाजीची पिशवी धरून उभी असायचे आणि मनात म्हणायचे, चला ना आता, ऊन किती झालंय.

माझ्या लग्नातली गोष्ट सांगते. आमच्याकडे नवरीचं नाव बदलतात हे तुम्हाला ठाऊकच असेल. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवं नाव लिहितो, बायका वाहवा करतात, पेढे वाटतात. माझं नाव शैला. सासरच्यांनी समृद्धी ठरवलं होतं. मलाही बरंच वाटत होतं खरं तर, फॅशनेबल. नवऱ्याने अंगठी हातात घेतली, आणि एवढ्यात मामी पुढे झाली आणि तिने आपली पिशवी त्या तांदळाच्या ताटात ठेवली. धप्पकन. तांदूळ उडाले.

"हिचे दहावीचे, बारावीचे, नोकरीचे, बँकेचे, सगळे कागद शैला नावाचे आहेत," ती माझ्या सासूबाईंना म्हणाली. "नाव बदलायचं असेल तर खुशाल बदला. पण मग ते सगळे कागद बदलून आणायला तुम्ही जाणार का विहीणबाई? मी जाऊन आलेय, म्हणून विचारते."

माझी आई रागाने लाल. सासूबाईंनी पिशवीकडे पाहिलं, मामीकडे पाहिलं, आणि नवरा माझा एकदम हसत सुटला. त्याने तांदळात "शैला" असंच लिहिलं. पुढे कितीतरी वर्षं आम्ही ही गोष्ट "मामीचं कागदांचं वेड" म्हणून सांगत आलो. हसून हसून सांगत आलो.

मामा गेला. दिनू शिकला, पुण्याला मोठ्या कंपनीत लागला. लग्न झालं, मुलगी झाली. आईला तळमजल्यावरून हलवायचे त्याचे सगळे प्रयत्न फसले. शेवटी तो म्हणाला, "आई, निदान काशीला तरी चल. सगळे मिळून जाऊ."

"काशीला काय आहे?"

"गंगा आहे."

"म्हणजे परत नदीच ना?" मामी म्हणाली. "नको बाबा. मला समुद्रात जायचंय. त्या मोठ्या जहाजातून. टीव्हीवर दाखवतात तसलं." दिनूला वाटलं चेष्टा करतेय. पण ती चेष्टा करत नव्हती. "माझं माहेर पाण्यात गेलं, सासरी पाणी घरात आलं. जन्मभर तेच येतंय माझ्याकडे, न बोलावता. आता एकदा मला त्याच्या दारात जाऊ दे. पाहुणी म्हणून."

दिनूने मनावर घेतलं. सिंगापूरहून सुटणारं जहाज, चांगली खोली, बाहेर बघायला खिडकी. दिनू, त्याची बायको, त्यांची मुलगी ओवी, मामी, आणि मामीचा हट्ट म्हणून मी. तिकिटं निघाली. सगळ्यांचे पासपोर्ट होते, फक्त मामीचा काढायचा होता. "तुझ्याकडे कागदांची काय कमी, आई," दिनू म्हणाला, आणि आम्ही सगळे हसलो. मामीने पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले आणि रोज दुपारी घरातल्या घरात ते घालून चालायची प्रॅक्टिस करायला लागली. जहाजावर पाय घसरू नये म्हणून म्हणे. दारावरून जाणारी प्रत्येक बाई तिला विचारायची, "कधी निघताय मामी?" आणि ती नव्या नवरीसारखी लाजायची.

फॉर्म भरायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये होतूभाईंकडे गेलो. होतूभाईंचं दुकान म्हणजे एका भिंतीला मोबाइलची कव्हरं, दुसऱ्या भिंतीला झेरॉक्सचं मशीन आणि मधल्या बोळात स्वतः होतूभाई. मामीची सगळी झेरॉक्स वर्षानुवर्षं तिथेच व्हायची. तिने पिशवीतून एकेक कागद काढून काउंटरवर मांडला तसे होतूभाई खूश झाले. "माई, ऐसा कस्टमर रोज मिले तो मैं गंगा नहाया," असं म्हणून ते टकाटक भरायला लागले. नाव, पत्ता, जन्म. मग एका ठिकाणी त्यांनी वाचलं, "पूछ रहे हैं, कभी किसी और नाम से जाने जाते थे क्या. नो," आणि ते पुढे सरकणार तेवढ्यात मामीचा हात काउंटरवर आला.

"थांबा. काय विचारतात?"

होतूभाईंनी परत सांगितलं.

"मग यस लिहा."

होतूभाईंनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं. "देखो माई. यस किया तो पूछेंगे कौन सा नाम, कब बदला, सबूत लाओ. अॅफिडेव्हिट, पेपर में अॅड, चक्कर पे चक्कर. टाइम निकल जायेगा, जहाज भी निकल जायेगा. नो किया तो सीधा काम. इतनी पुरानी बात कौन देखता है?"

मीही म्हटलं, "मामी, खरंच. कोण बघतंय? आधारवर सुनंदा, पॅनवर सुनंदा. कशाला उकरून काढायचं?"

मामीने काउंटरवरचे कागद एकावर एक रचले. मग म्हणाली, "शैला, ती होती ना गं. आई तिला हाक मारायची, बाप मारायचा. शेळ्या राखायची, झाडावर चढायची. गाव पाण्याखाली गेलं तेव्हा कुणी विचारलंसुद्धा नाही. आता पहिल्यांदा सरकार विचारतंय मला की दुसरी कुणी होतीस का तू. आणि मी लिहून देऊ, नाही? अशी कुणी नव्हतीच म्हणून?"

त्या क्षणी मला माझं तांदळाचं ताट आठवलं. धप्पकन ठेवलेली ती पिशवी आठवली. मेलं ते कागदांचं वेड कधी नव्हतंच. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या, भर दुकानात. होतूभाईंनी "यस" वर क्लिक केलं.

दिनूने मात्र फोनवर आकाशपाताळ एक केलं. "आई, तुझ्या हट्टापायी सगळ्यांचं जाणं बोंबलेल! एका क्लिकसाठी?"

"तुम्ही जा की. मी काय अडवलंय?"

"तुझ्यासाठी काढलीय ना सहल! तू नसलीस तर आम्ही काय तिथे मासे मोजायला जाऊ?" असं म्हणून त्याने फोन आपटला. त्यानंतर तो आईशी नीट बोलेना. मामीने बूट पेटीत ठेवून दिले. मी भेटायला गेले तर म्हणाली, "जहाज चुकलं तर रडेन मी, शैला. खूप रडेन. इतकी इच्छा मला कशाचीच झाली नव्हती. पण स्वतःला नाही म्हणून नाही जायची मी त्या पाण्यावर." हसण्यावारी नेण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं.

वकिलांनी सांगितलं, प्रतिज्ञापत्र करू, पण लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी साक्षीला हवं, जे सांगेल की हौसाबाई आणि सुनंदा एकच. असं माणूस कोण? बायजी. आम्ही रिक्षा करून तिला बाजारातून उचललं, भाजीच्या टोपलीसकट. कोर्टाबाहेर टेबल टाकून वकील बसतात तिथे तिला खुर्ची दिली. ती खुर्चीवर बसेना, जमिनीवरच बसली, आणि मग आमची मामीही तिच्याशेजारी जमिनीवर. वकील बिचारे टेबलावरून वाकून वाकून बोलत होते.

"आजी, या बाईंना ओळखता?"

"वळखते म्हंजे? ही हौशी. हिचा बाप आमचा मालक."

"छान. आणि हौसाबाई म्हणजेच सुनंदा, बरोबर?"

बायजीने मामीकडे पाहिलं. मग म्हणाली, "सुनंदा कोन? मना नाय ठाव."

वकिलांनी पेन खाली ठेवलं. "आजी, नीट आठवा. लग्नानंतर यांचं नाव सुनंदा झालं."

"कुनाचं?"

"यांचं. हौसाबाईंचं."

"नाय नाय. हिचं नाव हौशी. मी काय खोटं बोलनार नाय अंगठा देताना. सुनंदाबिनंदा कुनी मना ठाव नाय."

आता बोला! आयुष्यभर दर शनिवारी भेटलेल्या बाईला मामीचं सासरचं नाव माहीतच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. मामीनेही नाही. का सांगेल? तिथे ती दुसरी कुणी नव्हतीच ना. वकील हताश होऊन म्हणाले, "मॅडम, ही साक्ष नाही होणार." मला त्या दोघींचा असा राग आला होता की काय सांगू.

मामीने बायजीचा हात हातात घेतला. "बायजे, अगं मीच ती सुनंदा. लग्नात नाव बदललं माझं."

"तुझं? कवा?"

"झाले की पुष्कळ दिवस."

"आनि तू मना आता सांगतेस?" बायजीच्या चेहऱ्यावर असा काही भाव आला, जणू कुणीतरी तिची शेळी चोरून नेली. "कुनी बदललं?"

"सासूनं."

"आनि तू बदलू दिलंस?"

मामीने मान खाली घातली. बायजी तिच्याकडे बघत राहिली, मग उठून उभी राहिली, वकिलांच्या टेबलाशी गेली आणि म्हणाली, "लिव्हा. ही हौशी हाय. लोकं हिला सुनंदा म्हनतात त्याला ती काय करनार? पन हाय ती हौशीच. कुठं देऊ अंगठा?"

वकिलांनी तेच जरा सभ्य भाषेत लिहिलं. बायजीने अंगठा उमटवला, शाईचं बोट लुगड्याला पुसलं आणि मामीच्या पाठीत एक धपाटा घातला. दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता मामी ढसाढसा रडली. मीही त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. साडी मळली माझी, पण मला तेव्हा तिची काही पडली नव्हती.

मग वाट बघणं. पोलीस चौकशीला मांजर्लीत शिपाई आला आणि विचारत सुटला, "सुनंदाबाई कुठे राहतात? उर्फ हौसाबाई?" कुणाला माहीत असणार? दोन्ही नावं कुणाच्या ओळखीची नाहीत. शेवटी किराणावाल्याने विचारलं, "बाईंच्या काखेत पिशवी असते का?" आणि त्याला दारात आणून सोडलं. शिपायाला मामीने चहा पाजला, पोहे खायला घातले, वर त्याचे स्वतःचे कागद जागेवर आहेत का याची चौकशी केली.

जहाजाच्या तारखेला थोडेच दिवस राहिले होते आणि पोस्टमनने पासपोर्ट आणून दिला. व्हिसाची धावपळ होतूभाईंनी केली. मामीच्या हातात कागद देताना ते म्हणाले, "माई, एक बात बोलूं? हमारे सिंधियों में भी शादी में लड़की का नाम बदलते हैं. उस दिन तुम गयीं, फिर मैंने बुआ को फोन किया. पूछा, अम्मा का पहलेवाला नाम क्या था. जमना. इतनी उमर हो गयी मेरी, पता ही नहीं था." ते झेरॉक्स मशीनकडे वळले आणि उगाच त्याचं झाकण पुसायला लागले. मामी म्हणाली, "छान नाव आहे हो. घेत जा अधूनमधून."

सिंगापूरच्या बंदरावर ते जहाज उभं होतं. आमच्या उल्हासनगरच्या बाजारातल्या सगळ्या इमारती एकावर एक ठेवल्या तरी पुरायच्या नाहीत एवढं. चढताना काउंटरवर एका गोड मुलीने सगळ्यांचे पासपोर्ट मागितले. प्रवासभर ते जहाजावरच जमा राहणार, उतरताना परत मिळणार, असा नियम. बदल्यात गळ्यात अडकवायला एक कार्ड. आमचे सगळ्यांचे दिले. मामीने पिशवी छातीशी धरली.

"पावती?" मामी म्हणाली.

मी त्या मुलीला विचारलं. पावती नसते.

"मग झेरॉक्स तरी द्या म्हणावं."

मागे रांग तुंबली. दिनू, जो अजून आईशी जेवढ्यास तेवढं बोलत होता, पुढे आला. मला वाटलं आता ओरडणार. पण तो हळूच म्हणाला, "आई, मी आहे ना इथे. विचारलंच कुणी तर मी सांगेन, तू तूच आहेस म्हणून." मामीने त्याच्याकडे पाहिलं. चेन उघडली, पासपोर्ट काढला आणि त्या मुलीच्या हातात दिला. खोलीत गेल्यावर पिशवीही कपाटातल्या छोट्या तिजोरीत ठेवली.

आणि मग मामी डेकवर आली ती मोकळ्या हातांनी. मी जन्मात तिला तशी पाहिली नव्हती. तिला हात कुठे ठेवावेत तेच कळेना. पदराशी खेळली, कमरेवर ठेवले, शेवटी दोन्ही हातांनी कठडा धरला. किनारा मागे मागे गेला. चारी बाजूंना पाणी, आणि ते तिच्या घरात शिरत नव्हतं, काही बुडवत नव्हतं. ऊन कलायला आलं होतं. पांढऱ्या बुटांवर उभी राहून ती इतका वेळ बघत होती की आम्ही तिच्याशी बोलायचं सोडून दिलं.

ओवी तेवढ्यात म्हणाली, "आजी, तू उखाणा घे ना! बाबा म्हणतो तू मस्त घ्यायचीस." आम्ही सगळे गोरेमोरे. मामा गेल्यापासून मामीला कुणी नाव घ्यायला सांगितलं नव्हतं. दिनूची बायको ओवीला गप्प करायला गेली, पण मामी वळली. पदर सारखा केला. गळ्यातलं ते कार्ड मुठीत धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"बारवीच्या पाण्याखाली माहेराचं दार,
हौसाबाईचं नाव घेते समुद्राच्या पार."

वारा होता, तरी प्रत्येक शब्द ऐकू आला. दिनू पाठ फिरवून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग तसाच पाठमोरा म्हणाला, "आई, परत एकदा घे." आणि तिने परत घेतलं. मग ओवीने घ्यायला लावलं. मग मीही तिच्याबरोबर म्हटलं. पलीकडच्या खुर्चीवर कुठल्यातरी देशाची एक आजीबाई बसली होती, तिला काही कळलं नसेल, पण तिने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतरचा पावसाळा मामीने पाहिला नाही. फार दुखणंबिखणं नाही, चार दिवस ताप आला आणि गेली. दाखल्यावर एकच नाव आलं, सुनंदा. दिनूने पिशवी माझ्या हातात दिली, "ताई, ही तूच ठेव." पासपोर्ट त्यात आहे. पानं जवळजवळ सगळी कोरी. कधी कधी उघडून तिचा फोटो बघते. इतकी गंभीर दिसते त्यात, की मीच म्हणते, मामी, तू तूच कशावरून गं? आणि मग मला इतकी आठवण येते तिची, इतकी येते, की पिशवीची चेन बंद करावी लागते. मांजर्लीवरून जाताना अजून मान वळते. तळमजल्याच्या त्या दारात आता दुसऱ्यांच्या चपला असतात.

शनिवारी मी बाजारात जाते. भाजी दारावर येते हो, पण जाते. बायजी आता फार थकलीय, तिची सून टोपली मांडते, ती नुसती बसून असते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तिला सांगितलं, हौशी गेली म्हणून. माझ्या गळ्यात पडून रडली. पुढच्या शनिवारी मला पाहून म्हणाली, "एकलीच आलीस? हौशी कुठं हाय?" विसरली होती. मी पुन्हा सांगितलं, ती पुन्हा तशीच रडली. सून म्हणाली, "ताई, नका सांगू. दर वेळेला नव्यानं मरते ती तिच्यासाठी."

आता बायजी विचारते, "हौशी नाय आली?"

मी तिच्या शेजारी फतकल मारून बसते आणि सांगते, "जहाजावर गेलीय. समुद्रात."

"लांब?"

"लांब."

मग दर शनिवारी तेच विचारते, "कागद घेतलं ना संगट? हौशी नावाचं?"

"घेतले. तुझा अंगठा आहे त्याच्यावर."

"मंग काय नाय," बायजी म्हणते. "मंग कुनी अडवनार नाय तिला."